मुळीपासून गोळीपर्यंत

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते तेव्हा वैनगंगेच्या काठाला पाय ठेवायला जागा नसते. प्रसाद, बांगड्या, पाळणे, उसाचा रस, आणि या सगळ्याच्या एका कडेला पोतं पसरून बसलेले जडीबुटीवाले. काही वर्षांपूर्वी अशाच एका पोत्यावर मला बोटाएवढी जाड, वेडीवाकडी, मातकट रंगाची मुळी दिसली. विकणारा तिला सर्पगंधा म्हणत होता. झोप येत नसेल, डोकं भणभणत असेल, माणूस बडबडत सुटला असेल, तर ही उगाळून द्यायची, असं त्याने सांगितलं आणि मी न विचारताच पुढे जोडलं की फार दिवस घेतली तर माणूस नुसता बसून राहतो, कशातच त्याचा जीव लागत नाही.

मुळी मी घेतली नाही. ती जंगलातून ओरबाडली जाते आणि तिच्या परदेशी व्यापारावर सायटिस करारानुसार निर्बंध आहेत, हे एक कारण. दुसरं म्हणजे, ओळखीवरून मुळी विकत घेण्याइतका माझा वनस्पतींचा अभ्यास नाही. पण ते शेवटचं वाक्य घरी सोबत आलं. सेरोटोनिन या रेणूच्या इतिहासातलं एक अख्खं पर्व त्या वाक्यात होतं, आणि ते पर्व मुंबईतून जात होतं. हे पुस्तक तिथून सुरू झालं.

हल्ली सेरोटोनिनची ओळख मोबाइलवर होते आणि ती ‘आनंदाचं हार्मोन’ अशी होते. सकाळी उन्हात बसा, केळं खा, सेरोटोनिन वाढवा, मजेत राहा. ऊन आणि केळं या दोन्हींशी माझं वैर नाही. केळ्यात सेरोटोनिन खरोखरच असतं. पण खाल्लेलं सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची एक घट्ट वीण असते आणि ती त्याला आत घेत नाही. मेंदूला लागणारं सेरोटोनिन मेंदू स्वतःच बनवतो. त्यासाठी त्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लागतं; ते डाळी, दूध, अंडी, मांस, शेंगदाणे यांतून येतं. म्हणजे केळं आणि आनंद यांच्यात लोक समजतात तशी सरळ सडक नाही. पायवाटा आहेत, वळणं आहेत आणि मध्ये एक नाकाही आहे.

शिवाय ‘आनंदाचं’ हे विशेषण ज्याने लावलं त्याने खाजकुयरीला हात लावला नसावा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात फिरणाऱ्याला ही वेल सांगावी लागत नाही. शेंगेवरची सोनेरी लव अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून रडकुंडीला येतो. त्या लवेत सेरोटोनिन असतं, हे १९५४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. खाज मुख्यतः त्या लवेतल्या एका प्रथिनामुळे सुटते, पण सेरोटोनिनही तिथे हजर असतं. गांधीलमाशीच्या विषात ते असतं, काही विंचवांच्या विषातही असतं. त्वचेखाली टोचलं गेलं की ते वेदना देतं. म्हणजे जो रेणू मेंदूत झोप, भूक आणि मनःस्थिती यांच्या कारभारात आहे, तोच नांगीत बसून माणसाला ओरडायला लावतो. यात विरोधाभास काही नाही. सेरोटोनिन हा निरोप आहे. निरोपाचा अर्थ तो कोणत्या घरी पोचला यावर ठरतो.

घरं म्हणजे ग्राहीस्थानं, इंग्रजी पुस्तकांतले रिसेप्टर. सस्तन प्राण्यांत सेरोटोनिनच्या ग्राहीस्थानांची सात कुळं आणि त्यांचे चौदा प्रकार ओळखले गेले आहेत. एका प्रकाराने पेशी चेतते, दुसऱ्याने शांत होते. एकाने रक्तवाहिनी आकसते, दुसऱ्याने आतडं हलतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात उलटी थांबवायला देतात ते ऑनडॅनसेट्रॉन यातलं एक दार बंद करतं. अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान दुसरं दार उघडतं. वजन कमी करणारं फेनफ्लुरामिन हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावं लागलं, कारण त्याने हृदयाच्या झडपांवरचं तिसरंच एक दार ठोठावलं आणि झडपा जाड होऊ लागल्या. तेव्हा सेरोटोनिन वाढवा असं कुणी म्हटलं, की कुठे, कोणत्या दारी आणि किती वेळ, हे त्याला विचारावं.

मराठी माणसाला सेरोटोनिनचा पत्ता विचारला असता तर त्याने बहुधा पोटाकडे बोट दाखवलं असतं. आपलं मन पुष्कळदा पोटातच राहतं. भीतीने पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं भलं झालं की पोटात दुखतं, गुपित पोटात ठेवायचं असतं, चुका पोटात घालायच्या असतात आणि माया तर पोटातूनच येते. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे कळल्यावर भाषेला हे आधीच ठाऊक होतं असं म्हणण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. पहिल्या खर्ड्यात त्यावर दोन पानं होती. ती मी काढून टाकली. आतड्यातलं सेरोटोनिन आतड्याच्या कामाचं असतं: अन्न पुढे ढकलणं, पाचकरस, मळमळ. त्यातलं काही रक्तातल्या प्लेटलेट्स उचलतात आणि जखम झाली की तिथे ओततात, म्हणजे रक्तवाहिनी आकसते, रक्त थांबायला मदत होते. हा साठा मेंदूत जात नाही. आतडं आणि मेंदू एकमेकांशी बोलतात हे खरं. व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून दिवसभर त्यांचं बोलणं चालू असतं आणि त्यात सेरोटोनिनचा वाटाही आहे. पण पोटातलं सेरोटोनिन म्हणजे मनाचं सेरोटोनिन, हे समीकरण चूक आहे. म्हणी सुंदर असतात, पण त्यांना प्रयोगशाळेत साक्षीला बोलावू नये.

इतिहासाची सुरुवात मात्र पोटातूनच झाली. १९३० च्या दशकात इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर आतड्याच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींचा अर्क तपासत होते. त्याने गुळगुळीत स्नायू आकसत. त्या द्रव्याला त्यांनी ‘एंटेरामिन’ म्हटलं. तिकडे अमेरिकेत क्लीव्हलँडला आयर्विन पेज रक्तदाबाच्या मागे होते. रक्त गोठलं की त्यात असं काही उतरतं ज्याने वाहिन्या आकसतात आणि त्यांच्या प्रयोगांची वाट लागते. ते काय आहे हे त्यांना हवं होतं. मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन यांनी त्यांच्यासोबत कत्तलखान्यातून आणलेल्या बैलांच्या रक्तापासून ते वेगळं काढलं. १९४८ मध्ये त्याचं नाव ठेवलं सेरोटोनिन: सीरममधलं, ताण देणारं. पुढच्या वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रचना सांगितली. १९५२ मध्ये उलगडलं की इटलीतलं एंटेरामिन आणि क्लीव्हलँडचं सेरोटोनिन एकच. नावात आनंद नाही की मन नाही. पुढे बेट्टी ट्वारॉग या तरुण संशोधिकेने, जी आधी समुद्रातल्या कालवांच्या जातभाईंच्या स्नायूंवर काम करत होती, पेज यांच्याकडे जाऊन सस्तन प्राण्यांच्या मेंदूत हेच द्रव्य दाखवलं. ते वर्ष १९५३. पेज यांचा सुरुवातीला त्यावर फारसा विश्वास नव्हता म्हणतात.

आता मुंबई. सर्पगंधेचा उपयोग आपल्याकडे जुना, पण आधुनिक वैद्यकाच्या भाषेत तिच्याबद्दल कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं: उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर ती चालते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमाँ सिद्दीकी यांनी तिच्यातली अल्कलॉइड्स वेगळी काढली. जगाचं लक्ष तरीही गेलं नाही. ते वळवलं रुस्तम जाल वकील यांनी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करणारे हे हृदयरोगतज्ज्ञ. रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन, नोंदी ठेवून, त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. त्यानंतर बोस्टनपासून बाझलपर्यंत या मुळीची विचारपूस सुरू झाली. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव मी कधी वाचलं नाही.

रेसर्पिनने रक्तदाब उतरला, मनोरुग्णालयांतला गोंगाट उतरला आणि काही रुग्णांचं मनही उतरलं. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसर्पिन दिलं की शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. चेतापेशीत सेरोटोनिन बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. रेसर्पिन त्या भरूच देत नाही. याच्या नेमकं उलट चित्र क्षयाच्या रुग्णालयांत दिसत होतं. इप्रोनियाझिड हे क्षयाचं नवं औषध घेणारे रुग्ण अचानक उत्साहाने वावरू लागले होते, आणि ते औषध सेरोटोनिनसारखी द्रव्यं मोडणाऱ्या विकराला अडवतं हे कळलं होतं. साठा रिकामा झाला की उदासी, साठा वाढला की उत्साह. इतकं नेटकं गणित हाती आल्यावर कोणाला मोह होणार नाही?

पण गणितात पहिल्यापासून एक बाकी राहत होती. रेसर्पिन एकट्या सेरोटोनिनचे नव्हे, नॉरअॅड्रिनलिन आणि डोपामिन यांचेही साठे रिकामे करतं. मग दोष कुणाचा? इथून दोन घराणी झाली. अमेरिकेत जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये नैराश्याचा ठपका नॉरअॅड्रिनलिनवर ठेवला. युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक कॉपेन यांनी १९६७ मध्ये सेरोटोनिनची बाजू मांडली. पुढे औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा कॉपेन यांच्या बाजूने झुकल्या. सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणारा पंप अडवायचा, म्हणजे ते दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहील, या कल्पनेवर एली लिलीमध्ये फ्लुऑक्सेटिन तयार झालं. १९८७ च्या अखेरीस त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. आज ते आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. नंतर पुन्हा तपासलं तेव्हा रेसर्पिनने नैराश्य येतं हा पुरावाही वाटला होता तितका भक्कम निघाला नाही. म्हणजे त्या जडीबुटीवाल्याचं वाक्य आणि १९५० च्या दशकातल्या डॉक्टरांचं निरीक्षण जुळतात, आणि दोन्हींवर अजून प्रश्नचिन्ह आहे.

तिसरं घराणं नकाशे काढणाऱ्यांचं. १९६४ मध्ये स्वीडनच्या डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी मेंदूच्या देठातल्या सेरोटोनिनच्या पेशी उजळून दाखवल्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी; त्यांत सेरोटोनिन बनवणाऱ्या जेमतेम काही लाख. पण त्यांचे तंतू जवळजवळ साऱ्या मेंदूत पसरलेले. गावात एक कोतवाल दवंडी पिटतो आणि प्रत्येक घर ती आपापल्या परीने ऐकतं, तसं काहीसं. चौथं घराणं एलएसडी आणि सिलोसायबिन यांच्या वाटेने आलं. या द्रव्यांचा भ्रम सेरोटोनिनच्याच एका दारातून शिरतो. मायकेल गेरशॉन यांच्यासारखे आतड्याचे अभ्यासक पाचवं घराणं मानायला हरकत नाही, जरी त्यांना एर्स्पामेर यांचे खरे वारस म्हणायला हवं.

आणि एक घराणं संशय घेणाऱ्यांचं. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आजवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होतं याला सातत्याने टिकणारा पुरावा नाही. वर्तमानपत्रांनी याची बातमी ‘गोळ्या निरुपयोगी’ अशी केली. ते त्या आढाव्यात नव्हतं. २०१८ मध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा तपासलेली २१ नैराश्यविरोधी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक बहुतेक वेळा माफक, पण होता. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून ताप क्रोसिनच्या कमतरतेने येतो असं कुणी म्हणत नाही. माझं मत असं की ‘कमतरतेची’ गोष्ट सोडून द्यावी आणि औषध ठेवावं. या पुस्तकातले सगळे लेखक या मताचे नाहीत, हे वाचकाला दिसेलच.

आपल्या भागाशी जोडलेला आणखी एक धागा आहे. पाठ्यपुस्तकात तो दुसऱ्या धड्यात असतो म्हणून सहसा सुटतो. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं, पण त्याचा फार छोटा हिस्सा तिकडे जातो. मोठा हिस्सा दुसऱ्या वाटेने जातो आणि त्या वाटेवर नायसिन हे जीवनसत्त्व तयार होतं. नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब आणि मनाचा बिघाड. मक्याच्या प्रदेशातला हा आजार दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत का दिसतो, हा प्रश्न हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांना पडला. १९६० मध्ये त्यांनी ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यांच्या सिद्धांतावर पुढे बराच वाद झाला. त्यांच्याच संस्थेत पेलाग्राच्या रुग्णांच्या प्लेटलेट्समधलं सेरोटोनिनही मोजलं गेलं. भाकरी, कातडी, पोट आणि मन एका ओळीत मांडणारं हे संशोधन आपल्या शेजारी झालं, आणि आपण मात्र सेरोटोनिन म्हटलं की कॅलिफोर्नियातल्या कुणाचा तरी व्हिडिओ बघतो.

आत्ताच हे पुस्तक का? वैनगंगेच्या या काठावर गडचिरोली आणि त्या काठावर चंद्रपूर. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला. मनाच्या दुखण्याची चर्चा इथे मुख्यतः दारूच्या रूपाने झाली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. उदासीला मात्र चळवळ मिळाली नाही. उदास माणूस मोर्चा काढत नाही. तो डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, हातापायात ताकद नाही असं सांगत आधी पुजाऱ्याकडे, मग औषधांच्या दुकानात, मग सलाइन लावणाऱ्याकडे जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराबाहेर होते. विदर्भातच याच्या उलट काय घडू शकतं तेही दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांसाठी जाणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं आहे. २०२२ पासून १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

उपचार वाढले की गोळ्या वाढणार आणि गोळ्यांबद्दलचं अर्धवट ज्ञानही. सेरोटोनिन वाढवणारी गोळी चालू असताना अंगदुखीसाठी दुकानातून ट्रॅमाडॉल घेतलं, तर दोघं मिळून ते धोकादायक पातळीला नेऊ शकतात: घाम, थरथर, ताप, गोंधळ. याच गोळीसोबत डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं रोज घेतली तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, कारण प्लेटलेट्सनाही त्याच पंपाने सेरोटोनिन मिळत असतं. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखं डोक्यात होणं, हे दिसतं. मग घरचे म्हणतात, बघा, सवय लागली. हे सगळं मराठीत, घरात वाचता येईल असं लिहिलेलं मला सापडलं नाही.

म्हणून या पुस्तकाने दोन गोष्टी करून पाहिल्या आहेत. एक, सेरोटोनिनला मेंदूच्या कपाटातून बाहेर काढून आतडं, रक्त, कातडी, झाडं आणि विंचू यांच्या संगतीत बसवलं आहे. दुसरी, जिथे शास्त्रज्ञांत भांडण आहे तिथे ते तसंच ठेवलं आहे. वाचकाच्या सोयीसाठी समेट घडवलेला नाही. भाषेबद्दल एवढंच, की ‘चेतापारेषक’ हा शब्द आम्ही फार थोड्या ठिकाणी ठेवला. शब्द बरोबर आहे, पण वाचणाऱ्या प्रत्येकाने तो दोनदा वाचला.

मार्कंड्याजवळ नेहमी दक्षिणेला जाणारी वैनगंगा उत्तरेकडे वळते. भाविक त्याला पुण्य मानतात. नदी मात्र पुढे जाऊन पुन्हा आपल्या वाटेला लागते. सेरोटोनिनच्या संशोधनानेही असं एक वळण घेतलं होतं. पोट आणि रक्त सोडून चाळीसेक वर्षं ते मुख्यतः मनाकडे वाहिलं.

खर्डा तयार झाल्यावर तो चामोर्शी भागातल्या एका आशाताईंना वाचायला दिला. त्यांनी बऱ्याच ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि एक प्रश्न विचारला. गोळी घेतल्यावर काही तासांतच पंप अडतो असं तुम्ही लिहिता, आणि फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात असंही लिहिता. मग मधल्या दिवसांत मी घरच्यांना काय सांगायचं? याचं शास्त्रीय उत्तर अजून एकमुखी नाही. वाढलेलं सेरोटोनिन आधी स्वतःच्याच पेशीला आवर घालतं आणि तो आवर सैल व्हायला वेळ लागतो, असं काही म्हणतात. पेशींमधल्या नव्या जोडण्या हळूहळू होतात, असं दुसरे म्हणतात. पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्या एका प्रश्नातून झालं. आशाताई तोवर थांबल्या नाहीत. सुरुवातीला मळमळ होईल, ती जाईल. मन लगेच हलणार नाही. या दिवसांत माणसाला एकटं ठेवू नका आणि मी दर तीन दिवसांनी येऊन जाईन, असं त्या घरोघरी सांगू लागल्या होत्या.